नियमाचा अर्थ आणि कामगाराची कल्पकता

कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाच्या अंगी असलेली कल्पकता ही त्याची उपजत देणगी समजावी, की ज्या व्यवस्थेत तो दिवसाचे आठ-नऊ तास घालवतो ती व्यवस्थाच तिला फुलवते किंवा कोमेजवते असे मानावे, हा प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी, कारखानदारांनी आणि प्रसंगी कामगार-पुढाऱ्यांनीही आपापल्या परीने हाताळलेला आहे. त्याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. परंतु अलीकडच्या तीस-चाळीस वर्षांच्या संशोधनातून एक गोष्ट हळूहळू ठळक होत गेली आहे, आणि तिच्याकडे आपल्याकडील व्यवस्थापकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही असे मला मनापासून वाटते, म्हणून हा आढावा. पगारवाढ, बढती, प्रशिक्षण, देखरेख आणि मूल्यमापन यांविषयीचे नियम कागदावर कसे उतरले आहेत यापेक्षा, ते आपल्याला कशासाठी लावले जात आहेत याविषयी कामगाराने मनाशी जो अर्थ लावलेला असतो, तोच त्याच्या कल्पकतेला वाट करून देतो किंवा तिची वाट अडवतो. आणि हा अर्थ बहुतेक वेळा अज्ञानातून उपजलेला नसून साहेबाच्या रोजच्या वागणुकीचा अनुभव घेऊन काढलेला निष्कर्ष असतो.

या विचाराला आरंभी जागाच नव्हती. १९११ साली फ्रेडरिक टेलर यांनी शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा विचार करण्याचे काम नियोजन खात्याकडे आणि ठरवून दिलेल्या रीतीने हात चालवण्याचे काम कामगाराकडे अशी वाटणी त्यांनी केली. त्या वाटणीत कामगाराला काय सुचते हा प्रश्न गौण होता आणि त्याला काय वाटते हा तर त्याहूनही गौण. तथापि टेलरच्या आधीच काही धन्यांना वेगळी जाणीव झाली होती. स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे डेनी यांच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात १८८० पासून कामगारांच्या सुधारणांना रोख बक्षीस देण्याचा शिरस्ता पडला. अमेरिकेत कोडॅक कंपनीने १८९८ साली सूचना मागवल्या तेव्हा बक्षीस मिळवणारी पहिली सूचना खिडक्यांच्या काचा धुऊन काढाव्यात एवढीच होती, आणि तिच्यापोटी कामगाराच्या हातावर दोन डॉलर पडले. टोयोटाने अमेरिकेतील फोर्डच्या कारखान्यातील योजना पाहून १९५१ साली आपली सूचना-योजना सुरू केली, आणि ती इतकी रुजली की पुढे सारे जग ती पाहायला जपानला जाऊ लागले. सूचना-पेटी तीच, तिच्यावरचे कुलूपही तेच. पण एका कारखान्यात ती दर आठवड्याला भरते आणि दुसऱ्यात तिच्या फटीत कोणी चिठ्ठी टाकल्याचे वर्षानुवर्षे कोणाला आठवत नाही. हा फरक पेटीच्या रचनेतून उलगडत नाही.

तो उलगडण्याची पहिली खरी संधी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनी दिली. प्रकाश कमीजास्त करून पाहण्याच्या तेथील प्रयोगांची कहाणी पाठ्यपुस्तकांतून इतकी घोटली गेली आहे की तिची पुनरुक्ती नको. माझ्या मते त्याहून मोलाची आहे ती १९३१-३२ मधील तारजोडणीच्या खोलीची पाहणी. चौदा पुरुष कामगार, गटाच्या एकूण उत्पादनावर ठरणारा मोबदला, म्हणजे जास्त काम केले तर जास्त पैसे हे उघड. असे असूनही त्या चौदा जणांनी दिवसाचे काम किती व्हावे हे आपसांत ठरवून टाकले होते, त्यापेक्षा जो पुढे जाईल त्याच्या दंडावर सोबत्याचा गुद्दा बसे, आणि एखाद्या दिवशी काम जास्त झालेच तर ते दडवून दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात दाखवले जाई. हात चलाख होते, युक्त्या ठाऊक होत्या. मात्र आपला वेग वर दिसला की दर कापला जाईल, नाहीतर माणसे कमी केली जातील, अशी त्यांची समजूत होती. या प्रयोगांचा अर्थ लावणारे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी या समजुतीला तर्कापेक्षा भावनेच्या कोटीत टाकू पाहत. मला तो निर्णय घाईचा वाटतो; मंदी ऐन भरात असताना आणि शहरभर माणसे बेकार होत असताना नोकरी जाण्याचे भय बाळगणाऱ्या माणसाला भावनाविवश म्हणणे हे त्याच्या बुद्धीवर अन्याय करणे होय.

मुंबईच्या वाचकाला यासाठी शिकागोपर्यंत जाण्याची गरज नाही. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगाव बंद राहिले, त्यामागच्या कारणांत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत अशा धर्तीच्या सुसूत्रीकरणाच्या योजना अग्रभागी होत्या. मालकांच्या टिपणांत ती कार्यक्षमता होती. परळ-लालबागच्या चाळींत तोच मजकूर ‘तिसरा विणकर उद्या घरी बसणार’ असा वाचला गेला, आणि ते गणित चुकीचे नव्हते. शिवाय त्या काळी कामगाराचे व्यवस्थापनाशी जे काही नाते होते ते जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मार्फत होते. भरती त्याच्या हाती, रजा त्याच्या मर्जीवर, आणि त्याला खूश ठेवण्याचा खर्च कामगाराच्या खिशातून. ज्याने व्यवस्थापन म्हणून केवळ जॉबर पाहिला आहे तो वरून आलेल्या प्रत्येक योजनेचा अर्थ जॉबरच्या वागण्यावरूनच लावणार. आणि अशा माणसाला मागात काही सुधारणा सुचली तर ती तो कोणाला सांगणार, आणि कशासाठी?

कल्पकतेचा स्वतंत्र अभ्यास मात्र फार उशिरा सुरू झाला. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकन मानसशास्त्र-संघटनेच्या अध्यक्षपदावरून या विषयाच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले, तरी त्यानंतरची पंचवीसेक वर्षे संशोधकांचा सारा भर कल्पक व्यक्तीच्या स्वभावविशेषांवरच राहिला. परिस्थितीकडे दृष्टी वळवण्याचे श्रेय मुख्यतः टेरेसा अमाबिले यांचे. त्यांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग थोडा तपशिलाने सांगण्याजोगा आहे. लेखनाची आवड असलेल्या बहात्तर जणांना त्यांनी प्रथम एक छोटी कविता लिहायला सांगितली. मग त्यांतील काहींपुढे आपण का लिहितो याच्या कारणांची एक यादी ठेवली, जिच्यात लेखनातला आनंद, शब्दांशी खेळण्याचे सुख अशी कारणे होती; काहींपुढे दुसरी यादी ठेवली, जिच्यात पैसा, कीर्ती, नोकरीची संधी अशी कारणे होती; आणि उरलेल्यांना कोणतीच यादी दिली नाही. त्या कारणांचा क्रम लावण्यात काही मिनिटे गेल्यावर सर्वांनी दुसरी कविता लिहिली. जाणकार कवींनी, कोणती कविता कोणत्या गटाची हे ठाऊक नसताना, जेव्हा त्या तपासल्या तेव्हा दुसऱ्या यादीवर विचार केलेल्यांच्या कविता स्पष्टपणे निकृष्ट ठरल्या. कोणाला पैसे दिले गेले नव्हते, कोणाला धमकावले गेले नव्हते. आपण हे काम कशासाठी करीत आहोत या समजुतीची दिशा क्षणभर बदलली होती, एवढेच.

यावरून बक्षिसे वाईट, असा निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि त्यावर दीर्घ वाद झाला. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगापासून १९९९ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह केलेल्या १२८ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणापर्यंत एका पक्षाने असे दाखवले, की आधीच सांगून दिलेले मूर्त बक्षीस कामातील अंगभूत गोडी कमी करते. उलट रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की नावीन्यासाठीच बक्षीस आहे हे स्पष्ट असेल तर नावीन्य वाढते. या वादात वरवर दिसतो तेवढा विरोध नाही. बक्षीस जर ‘तुझे काम उत्तम झाले’ अशी वार्ता म्हणून पोचले तर ते उपकारक ठरते. ‘तुझी दोरी आमच्या हाती आहे’ अशा अर्थाने पोचले तर मारक ठरते. रक्कम दोन्हीकडे तीच असू शकते. पोचते काय, हे ठरवणारा मात्र घेणारा असतो.

इथवर प्रयोगशाळेत हाती आलेली गोष्ट प्रत्यक्ष नोकरीच्या ठिकाणी तपासण्याचे काम पुढील पिढीने केले. पॅट्रिक राइट आणि लिसा निशी यांनी व्यवस्थापनाच्या धोरणाच्या तीन अवस्था वेगळ्या करून दाखवल्या. मुख्य कचेरीने योजलेले धोरण ही पहिली, खातेप्रमुखाने प्रत्यक्षात अमलात आणलेले ही दुसरी, आणि कामगाराला जाणवलेले ही तिसरी. या तिन्हींत किती अंतर पडू शकते याचा पुरावा हुई ल्याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासात मिळतो. जपानमधील एका बँकेच्या ९१ शाखांत त्यांनी व्यवस्थापकांना आणि कर्मचाऱ्यांना एकाच धोरणाविषयी विचारले, आणि दोघांची उत्तरे जुळली नाहीत. त्याआधी २००८ साली निशी, लेपॅक आणि श्नायडर यांनी एका सुपरमार्केट-साखळीत अधिक मूलगामी प्रश्न विचारला होता: तुमच्या कंपनीने हे नियम का केले असावेत असे तुम्हांला वाटते? सेवा चांगली व्हावी आणि कामगारांचे बरे व्हावे म्हणून, असे मानणाऱ्यांची वृत्ती अनुकूल आढळली. खर्च वाचवावा आणि माणसांकडून जास्तीत जास्त काम काढून घ्यावे म्हणून, असे मानणाऱ्यांची प्रतिकूल. आणि युनियनशी झालेल्या कराराचे पालन म्हणून, असे मानणाऱ्यांच्या वृत्तीवर त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. नियम तर सर्वांना एकच होते. हा अभ्यास कामगारांच्या वृत्तीचा होता, कल्पकतेचा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु कल्पकता हे नोकरीतील सर्वांत ऐच्छिक कर्तव्य आहे, ते हुकमाने वसूल करता येत नाही, आणि म्हणून वृत्तीतील असा फरक तिच्यावर सर्वांत आधी उमटावा ही अपेक्षा रास्त आहे.

अर्थ लावण्याच्या या क्रियेत वरिष्ठ साहेबापेक्षा निकटच्या वरिष्ठाचा वाटा मोठा असतो. ओल्डहॅम आणि कमिंग्ज यांनी १९९६ साली दोन उत्पादन-केंद्रांतील १७१ कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. त्यात वरिष्ठांच्या शेऱ्यांबरोबर पेटंटविषयक नोंदी आणि सूचना-योजनेतील सूचना हेही पुरावे घेतले. ज्यांचा स्वभाव कल्पक, काम गुंतागुंतीचे आणि वरचा माणूस पाठीशी उभा राहणारा पण लगाम न खेचणारा, असा तिहेरी योग जिथे होता तिथेच कल्पकतेला बहर आला. तीनपैकी एक नसेल तर बाकीचे दोन फारसे कामी येत नाहीत.

देखरेखीचा प्रश्न या साऱ्यात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. ईथन बर्नस्टाइन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला दक्षिण चीनमधील एका भ्रमणध्वनी-कारखान्याचा अभ्यास त्यासाठी मुळातूनच वाचावा असा आहे. चीनमध्ये जन्मलेले हार्वर्डचे काही विद्यार्थी तेथे साध्या कामगारांप्रमाणे उत्पादनाच्या रांगेत उभे राहिले. कारखाना संपूर्ण उघडा, कोठूनही कोणतीही रांग दिसावी असा बांधलेला. या नवख्यांना शेजारच्या कामगारांनी पहिल्याच दिवसांत दोन गोष्टी शिकवल्या: काम लवकर आणि बिनचूक होण्याच्या स्वतः शोधून काढलेल्या कितीतरी क्लृप्त्या, आणि साहेब दिसताच त्या सोडून तक्त्यावर लिहिल्याप्रमाणे काम करण्याची रीत. त्या क्लृप्त्या चोरीच्या नव्हत्या, कंपनीच्या फायद्याच्याच होत्या. पण साहेबाला त्या समजावून सांगण्याचा खटाटोप आणि नियम मोडल्याचा ठपका यांपेक्षा त्या दडवणे सोपे, असा हिशेब कामगारांनी केला होता. तेव्हा भोवती पडदे लावले तर आपण कितीतरी जास्त काम काढू, असे त्यांच्यातलेच कोणी बोलून गेले, आणि बर्नस्टाइन यांनी खरोखरच काही रांगांभोवती पडदे टांगून पाहिले. पडद्याआडच्या रांगांचे उत्पादन दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढले. माणसे गरजेप्रमाणे जागा बदलू लागली, नव्या युक्त्या करून पाहू लागली, एकमेकांना शिकवू लागली. जी कल्पकता शोधण्यासाठी सल्लागारांना मोठाली मानधने दिली जातात ती त्या कारखान्यात आधीपासून नांदत होती. तिला लपून राहावे लागत होते ते केवळ पाहणाऱ्याच्या नजरेचा अर्थ ठाऊक असल्यामुळे.

वेळेच्या ताणाविषयीही असेच आढळते. अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कंपन्यांतील २६ प्रकल्प-गटांत काम करणाऱ्या २३८ जणांकडून रोजच्या कामाच्या नोंदी लिहून घेतल्या. अशा नोंदी बारा हजारांच्या घरात जमल्या. त्यांवरून दिसले, की घाईच्या दिवशी आपण फार कल्पक झालो असे माणसांना वाटते, प्रत्यक्षात मात्र ती त्या दिवशी आणि पुढेही एक-दोन दिवस कमीच कल्पक असतात. अपवाद एकच: काम खरोखरच निकडीचे आहे अशी खात्री असली आणि त्यात व्यत्यय येऊ दिला नाही, तर घाईतही नवे सुचते. तारीख कोणीतरी मनाला येईल तशी ठोकून दिली आहे असे वाटले की ते सुचणे थांबते.

असंतुष्ट कामगार कल्पक नसतो, ही समजूतही या संशोधनाने हलवली आहे. जिंग झाऊ आणि जेनिफर जॉर्ज यांनी २००१ साली दाखवले, की ज्यांना नोकरी आवडत नाही पण सोडणेही परवडत नाही अशी माणसेसुद्धा, सोबत्यांकडून उपयोगी सल्ला मिळत असेल आणि संस्था आपल्या पाठीशी आहे असे वाटत असेल, तर उत्तम कल्पना पुढे आणतात. तक्रार ही बहुतेक वेळा सुधारणेचे पहिले रूप असते. तिचे काय होते यावर पुढचे अवलंबून. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील औषधयोजनेच्या चुका तपासताना आढळले होते, की चांगल्या नेतृत्वाखालील विभागांत चुकांची नोंद अधिक होते, कारण तेथील परिचारिकांना चूक सांगण्याचे भय नसते. जो चूक सांगू शकतो तोच अर्धवट, कच्ची कल्पनाही सांगू शकतो.

आपल्या सरकारी कचेऱ्यांत या भयाचे एक खास ठाणे होते, ते म्हणजे गोपनीय अहवाल. वरिष्ठाने काय लिहिले हे कर्मचाऱ्याला फक्त शेरा प्रतिकूल असेल तर कळवायचे असा प्रघात होता. ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल मानला जात नसे, आणि बढतीसाठी मात्र ‘फार चांगला’ लागे. तेव्हा एखाद्याची बढती ज्या शब्दाने अडली तो शब्द त्याला कधी दिसतच नसे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असा निवाडा दिला. अशा अंधारात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या कारकुनाने फाइलवर स्वतंत्र टिपण लिहिण्याचे टाळून पूर्वीच्या नस्तीतला मजकूरच उतरवून काढला, तर त्याला जडबुद्धी म्हणण्याआधी त्या प्रघाताकडे पाहावे.

आता या संशोधनाचे दोष. पुष्कळशा अभ्यासांत एकाच माणसाला, एकाच बैठकीत, ‘तुमची कंपनी कशी आहे’ आणि ‘तुम्ही किती कल्पक आहात’ हे दोन्ही प्रश्न विचारलेले असतात. मन प्रसन्न असलेला माणूस दोन्हींना होकारार्थी उत्तरे देतो आणि त्या दोन उत्तरांचा संबंध संशोधकाला सिद्धान्त वाटू लागतो. कल्पकतेचा निवाडा वरिष्ठाकडून घेतला तर वेगळी अडचण येते, कारण जो आवडतो तो हुशार वाटतो. कार्यकारणाची दिशाही अनेकदा उलटी असू शकते: मोकळीक मिळाली म्हणून माणूस कल्पक झाला, की कल्पक दिसला म्हणून त्याला मोकळीक मिळाली, हे एका वेळच्या पाहणीतून समजत नाही. आणि बराच मोठा भाग अमेरिकेतील व पूर्व आशियातील शिकलेल्या, कायम नोकरीतील लोकांवर बेतलेला आहे.

भारतातील जो अभ्यास मला या सर्वांहून मोलाचा वाटतो तो फार जुना आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसवले गेले. विणकर वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तुटलेला ताणा सांधणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, अशी कामाची बारीक चिरफाड केली गेली. २२४ मागांवर २९ माणसे नेमली, आणि यंत्रे नवी असूनही कापड मनासारखे निघेना. लंडनच्या ताविस्तॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली सुचवले, की ठराविक मागांची सारी जबाबदारी एका छोट्या गटावर सोपवावी. त्यापुढील हकीकत लक्षणीय आहे: गट कसे पाडावेत याची आखणी व्यवस्थापन करीत बसण्याआधीच कामगारांनी आपसांत बोलून काही तासांत गट बनवले आणि यादी पुढे ठेवली. सुरुवातीची घसरण ओसरल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत चढली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर उतरले. माणसे तीच होती आणि मागही तेच होते.

एरिक मिलर यांनी १९७० साली तेथे जाऊन पुन्हा पाहिले, तेव्हा एका खात्यात ही गटपद्धती टिकून होती आणि इतरत्र कारभार बऱ्याच अंशी जुन्या वळणावर गेला होता. मधल्या सतरा वर्षांत त्या खात्यांतील विणकरांना आपल्या गटाविषयी, आपल्या जॉबरविषयी आणि गिरणीच्या हेतूंविषयी काय वाटत गेले हे जर वर्षावर्षाला त्यांनाच विचारून टिपले गेले असते, तर पद्धत आधी मोडली की तिच्यावरचा विश्वास आधी मोडला, हे आज निश्चित सांगता आले असते. असे टिपण आपल्याकडे आजही करता येण्यासारखे आहे. चाकण, बुटीबोरी, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत कायम कामगार, कंत्राटदाराकडचा कामगार आणि शिकाऊ उमेदवार हे तिघे एकाच रांगेत एकच सुटा भाग जोडताना आढळतात. सुधारणा सुचवली तर पहिल्याला प्रशस्तिपत्र मिळते, दुसऱ्याची स्वतःचीच जागा कमी होऊ शकते आणि तिसऱ्याला करार संपेपर्यंत गप्प राहणे शहाणपणाचे वाटते. एकच नियम तिघे कसा वाचतात, आणि कोणाच्या सूचना पेटीत पडतात, याची चार-पाच वर्षे सलग नोंद ठेवणारा अभ्यास एखाद्या मराठी विद्यापीठाने युनियन आणि व्यवस्थापन या दोघांच्या संमतीने हाती घ्यावा. त्याची प्रश्नावली मात्र कारखान्यात बोलल्या जाणाऱ्या मराठीत आणि हिंदीत असावी, आणि ती भरून घेताना सुपरवायझर तेथे उभा नसावा.